म्हशीचा मुहूर्त

आपली दिवाळी गाईपासून सुरू होते. वसुबारसेला सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालायचे, कपाळी हळदकुंकू लावायचे, ओवाळायचे आणि त्या दिवशी गाईचे दूध-तूप वर्ज्य करायचे, असा नेम आहे. मग त्या दिवशीच्या चहाला दूध कोणाचे? अर्थात म्हशीचे! पूजा गाईची आणि काम म्हशीचे, हा आपला जुना व्यवहार आहे.

म्हशीच्या वाट्याला सण नाही. तिच्या कुळाला पुराणात जागा मिळाली ती महिषासुराच्या रूपाने आणि यमाचे वाहन म्हणून. ज्ञानेश्वरांच्या कथेत वेद बोलण्याचा मान मिळाला तोही रेड्याला. म्हैस तिथेही गोठ्यातच राहिली. म्हणींत ती आली ती 'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' अशी, म्हणजे मूर्ख गिऱ्हाइकाच्या सोबतीला. अपवाद एका कोल्हापूरचा. तिथे पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि त्यांची मिरवणूक काढतात. मालकाने हाक मारली की ती अवजड बाई भर रस्त्यात त्याच्यामागे धावत सुटते. ज्यांनी ते पाहिले आहे, ते म्हशीला मठ्ठ म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, दिवाळी अंकात आकाशकंदील आणि रांगोळ्या सोडून म्हैस कशाला? त्याला उत्तर त्यांच्याच फराळाच्या ताटाशेजारी आहे. बासुंदी आटते ती म्हशीच्या दुधाची. चक्का घट्ट उतरतो तो म्हशीच्या दह्याचा. गाईच्या दुधात साधारण चार टक्के स्निग्धांश असतो, तर म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. देशात निघणाऱ्या दुधापैकी निम्म्याच्या जवळपास दूध आजही म्हशीच देतात. एवढे दूध रोज दारात येते, ते येण्यासाठी म्हैस वेळच्या वेळी व्यावी लागते, आणि ती वेळच्या वेळी व्यावी यासाठी कोणीतरी एक मुहूर्त साधावा लागतो. तो मुहूर्त पंचांगात नसतो. तो कसा साधतात आणि चुकला तर काय होते, याची ही हकीकत आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. जनावर फळण्याच्या अवस्थेत आले की आपण म्हणतो, ते 'माजावर आले.' हाच शब्द आपण उर्मट माणसालाही लावतो. 'माज आलाय का?' हा प्रश्न मराठीत कोणी प्रेमाने विचारत नाही. त्यामुळे माज म्हटले की धुसफूस, धडका, दावे तोडणे असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. गाईच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे. माजावर आलेली गाय हंबरते, बेचैन होते, दुसऱ्या गाईंच्या पाठीवर उड्या घेते. रस्त्याने जाणाऱ्यालाही कळावे असा तिचा गाजावाजा असतो. म्हशीचे तसे नाही. मराठी भाषेत जिच्या नावाने माज सर्वाधिक खपतो, तीच या बाबतीत कमालीची संकोची आहे. ती उड्या मारत नाही. एखादे वेळी रेकते, वरचेवर थोडी थोडी लघवी करते, चारा जरा कमी खाते, धारेला पान्हा चोरते. चिकट, पारदर्शक सोट येतो, पण तोही गाईसारखा लोंबत नाही. म्हैस बसली असताना थोडासा जमिनीवर पडतो आणि शेणात मिसळून जातो. पुष्कळ वेळा तर एवढेही नाही. आत सर्व काही यथास्थित घडत असते आणि बाहेर खूण म्हणून काही नसते. गोठ्यातल्या भाषेत याला 'मुका माज' म्हणतात. इतका नेमका शब्द ज्याने प्रथम वापरला, त्या अनाम गवळ्याला मी मराठीचा मोठा जाणकार समजतो.

या मुकेपणाची अडचण कुठे येते हे समजण्यासाठी घड्याळ हातात घ्यावे लागेल. म्हशीचे ऋतुचक्र साधारण एकवीस दिवसांचे. त्या एकवीस दिवसांत ती माजावर राहते ती बारा ते चोवीस तास. माज सरल्यावर दहा ते चौदा तासांनी स्त्रीबीज सुटते आणि सुटल्यावर ते फार तर अर्धा दिवस टिकते. इकडे शुक्राणू आत पोचले की लगेच कामाला येत नाहीत. त्यांना तयार व्हायला काही तास लागतात, आणि गोठवलेल्या रेतातल्या शुक्राणूंचे आयुष्यही बेताचेच असते.

आपल्या जुन्या लग्नांची पद्धत आठवा. मुहूर्त उद्या सकाळचा असला तरी वऱ्हाड आज संध्याकाळीच गावच्या वेशीवर येते. सीमांतपूजन होते, मंडळी जानवशात उतरतात, आणि अंतरपाट दूर होतो तेव्हा नवरदेव हजर असतो. इथेही तसेच आहे. वऱ्हाड आधी यायला हवे, पण फार आधीही नको. दोन दिवस आधी आले तर जानवशातच थकून जाईल. मुहूर्त टळल्यावर आले तर मांडव रिकामा. म्हणून माजाच्या उत्तरार्धात रेतन करावे असा नियम आहे. तो लक्षात ठेवायला सोपा आहे: माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिंबर्गर यांनी १९४० च्या दशकात गाईंवर केलेल्या कामातून हा नियम रूढ झाला. म्हशीलाही तो बहुतांशी लागू पडतो. एखादी म्हैस माजावर अधिक काळ राहते. दुसऱ्या दिवशीही खुणा दिसत असतील तर पुन्हा एकदा रेतन करतात.

आता कोणी विचारील, पूर्वी हे घड्याळ कोण पाहत होते? रेडा पाहत होता. कळपात रेडा असला की माज मुका असो की बोलका, त्याला वासावरून कळे. त्याला पंचांगही लागत नसे आणि सुट्टीचा वारही आड येत नसे. पण रेडा पोसणे महाग पडते, चांगला रेडा गावोगावी नसतो आणि एकाच रेड्यामुळे गावभर रोग पसरू शकतात. कृत्रिम रेतनाने या सर्वांवर उपाय काढला. इटलीतल्या स्पालांझानी या विद्वान धर्मगुरूने १७८० मध्ये कुत्रीवर हा प्रयोग यशस्वी केला होता. आपल्या देशात म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ मध्ये संपत कुमारन यांनी त्याची सुरुवात केली आणि १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत या पद्धतीने म्हशीचे पहिले वासरू जन्मले. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरीनच्या साहाय्याने रेत गोठवण्याची युक्ती सापडली. आता उत्तम मुऱ्हा रेड्याच्या रेताच्या बारीक कांड्या उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे राहतात. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ'ने ही सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. हरयाणातला रेडा न हलता सांगोल्याच्या गोठ्यात बाप होऊ लागला.

या सोयीत एक गोष्ट मात्र निसटली. रेडा गेला, त्याबरोबर त्याचे नाकही गेले. वंश सुधारण्याचे काम कांडीने घेतले, पण मुहूर्त ओळखण्याचे काम कांडीला येत नाही. ते माणसावर आले, आणि माणसाला ते आपल्यावर आले आहे हे पुष्कळ ठिकाणी अजून नीटसे उमगलेले नाही.

गेल्या वर्षी हे मला जवळून पाहायला मिळाले. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी ऑक्टोबरात पंधरा दिवस दिसली नाही. चौकशी करता कळले की फी भरायची आहे आणि फी दुधावर अवलंबून आहे. एका रविवारी मी तिच्या गावी गेलो. करवीर तालुक्यातले गाव, तीन जनावरांचा गोठा. त्यातली दुसऱ्या वेताची म्हैस घरचा आधार. ती चैत्रात व्याली होती. आषाढात तिचे रेतन केले होते. नंतर ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आलेली दिसली नाही, म्हणून सर्वजण तिला गाभण समजून चालले होते. आश्विनात पशुवैद्यांनी तपासले तो पोट रिकामे. तीन महिने हातचे गेले होते आणि दूध उतरत चालले होते. मुलीच्या वडिलांनी तिला येत्या बाजारी न्यायचे ठरवले होते. भाकड म्हशीला बाजारात कोण गिऱ्हाईक मिळते, हे सांगायला नको.

मी गेलो त्याच दिवशी पशुवैद्यही आले होते.

"माज कधी दाखवला होता हो हिनं?" त्यांनी वडिलांना विचारले.

"न्हाई दावत, साहेब. म्हसच भाकड निघाली बघा. नशीब आमचं."

पशुवैद्य निघायच्या बेतात होते. तेवढ्यात दाराआडून मुलीच्या आईचा आवाज आला. "परवा पहाटं धारंला पान्हा चोरला तिनं. सारखी थोडी थोडी मुतत हुती. आन् राती रेकली बी दोनदा."

पशुवैद्य वळले. "अहो वहिनी, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?" ती म्हणाली.

त्या दोन शब्दांवर गोठ्यात कोणाला काही बोलता आले नाही. पशुवैद्य शहाणे होते. त्यांनी बोलणे वडिलांशी थांबवून तिच्याशी सुरू केले. भिंतीवरच्या कॅलेंडरावर परवाच्या तारखेला तिच्याच हाताने हळदीची खूण करायला लावली आणि सांगितले, "इथून अठरा दिवस मोजा. अठराव्या दिवसापासून चार-पाच दिवस रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा हिच्याकडे नीट बघा. काही दिसलं की फोन करा. लगेच येणार नाही मी, बारा तासांनी येईन. त्यावर रागावू नका." विसाव्या रात्री बाईंना म्हैस बसलेल्या जागी सोट दिसला. पहाटे निरोप गेला, संध्याकाळी रेतन झाले, दोन महिन्यांनी तपासणीत म्हैस गाभण ठरली. बाजाराचा बेत मागेच पडला होता. मुलगी वर्गात परत आली. फीचे पैसे उसने घेतले होते, पण ते फिटतील याची आता घरात खात्री होती.

ही म्हैस भाकड नव्हती. तिच्याकडे पाहणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते, एवढाच तिचा दोष. महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत शेण काढते बाई, आंबोण ठेवते बाई, पहाटेची धार काढते बाई. म्हशीच्या वागण्यातला एवढासा फरक प्रथम तिच्या लक्षात येतो. पण पशुवैद्याशी बोलतो तो घरचा कर्ता पुरुष आणि शिबिराचे बोलावणे येते तेही त्यालाच. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचे नाही आणि ज्याला माहीत नाही त्याच्या सांगण्यावर निदान करायचे, ही रीत गोठ्यापुरतीच आहे असेही म्हणवत नाही.

एकदा माज चुकला तर बिघडते काय? हिशेब साधा आहे. म्हैस सुमारे तीनशे दहा दिवस गाभण राहते. दहा महिने दहा दिवस असे खेड्यात म्हणतात. तेरा महिन्यांनी पुढचे वेत यावे असे वाटत असेल तर व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती गाभण राहिली पाहिजे. त्यांतले पहिले दोन महिने गर्भाशय पूर्वपदावर येण्यात जातात. उरला एक महिना, आणि चक्र एकवीस दिवसांचे. म्हणजे हातात मुहूर्त एक, फार तर दोन. चुकलेल्या प्रत्येक मुहूर्ताला तीन आठवड्यांची वैरण आणि पेंड जास्त, आणि तीन आठवड्यांचे दूध कमी. नुकसान हळूहळू होते, आवाज न करता होते; म्हणून कोणाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. दोन वेतांतले अंतर तेरा महिन्यांचे पंधरा होते, पंधराचे अठरा होते, आणि मग दूध का परवडत नाही याची चर्चा सुरू होते.

त्यातून म्हशीला ऋतूही पाहावा लागतो. दिवस लहान होऊ लागले की म्हशी अधिक संख्येने माजावर येतात, उन्हाळ्यात त्यांचा माज मंदावतो किंवा बंदच पडतो. भाद्रपद-आश्विनापासून माघापर्यंतचा काळ हा त्यांचा खरा हंगाम. तुमच्या-आमच्या घरी कंदील लागतो तेव्हा गोठ्यातही लगीनसराई सुरू झालेली असते. गंमत म्हणजे दिवाळीत फळलेली म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, म्हणजे पुढच्या गणपतीच्या सुमारास विते. हे चार महिने हातचे गेले की चैत्र-वैशाखाचे ऊन आड येते, आणि पुष्कळ म्हशींच्या बाबतीत पुढच्या पावसाळ्यानंतरची वाट पाहावी लागते. एका रात्रीचे दुर्लक्ष तीन आठवड्यांचे असते. हंगामाच्या शेवटी झाले तर सहा-सात महिन्यांचे.

विज्ञानाने यावरही तोड काढली आहे. म्हशीला माज आहे की नाही हे पाहत बसण्यापेक्षा मुहूर्तच आपण ठरवावा, अशी ती कल्पना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये गाईंसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ब्राझील, इटली आणि आपल्याकडेही ती म्हशींवर वापरण्यात आली. आज एक इंजेक्शन, सात दिवसांनी दुसरे, आणखी दोन दिवसांनी तिसरे, आणि त्यानंतर सोळा ते वीस तासांनी रेतन. माज दिसो वा न दिसो, बीज ठरल्या वेळी सुटावे अशी ही योजना आहे. मुक्या माजावर हा उपाय खरोखर मोलाचा आहे. हंगामात आणि अंगाने भरलेल्या म्हशींत त्याचा चांगला गुण येतो. पण हडकुळी, क्षार आणि हिरव्या चाऱ्यावाचून राहिलेली, उन्हात तापलेली म्हैस असेल तर इंजेक्शनाचे गणित कोलमडते. उन्हाळ्यात म्हणून त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड द्यावी लागते, म्हणजे खर्च आणखी वाढतो. आणि औषध कोणते, कोणत्या म्हशीला, हे ठरवायचे पशुवैद्याने. शेजाऱ्याने सांगितले म्हणून टोचून घेण्याचा हा प्रकार नाही. गाभण म्हशीला त्यातले एक इंजेक्शन चुकून दिले गेले तर गर्भ पडतो.

करनालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १९९० मध्ये काचपात्रातल्या गर्भापासून म्हशीचे 'प्रथम' नावाचे वासरू जन्मले. २००९ मध्ये तिथेच म्हशीची हुबेहूब प्रतिकृती असलेली पारडी जन्मली. आपल्या शास्त्रज्ञांनी एवढी मजल मारली याचा मला अभिमान वाटतो. पण करनालला प्रतिकृती जन्मते आणि करवीरात माज चुकतो, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडतात. मधले अंतर भरून काढायला प्रयोगशाळा पुरत नाही. त्याला लागते एक वही, एक तारीख, रात्री आणि पहाटे दहा-दहा मिनिटे, आणि जी पाहते तिचे ऐकून घेण्याची घरच्यांची तयारी. रेतन केल्यावर म्हैस उलटली नाही एवढ्यावर तिला गाभण न समजता दोन महिन्यांनी तपासून घेतले, तरी कितीतरी घरांचे हंगाम वाचतील. मुक्या माजाच्या जनावराचे गप्प राहणे म्हणजे होकार, असे धरून चालत नाही.

आपण शहरातली माणसे. दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की आपण सरकारला बोलतो, डेअरीला बोलतो, पिशवी कात्रीने कापताना उसासा टाकतो. पिशवीतल्या दुधामागे कोणाचे जागरण आहे, हे पिशवीवर छापलेले नसते. नरकचतुर्दशीला पहाटे आपण उठतो, अंगाला उटणे लावतो, पहिली आंघोळ झाली की मुले फुलबाज्या लावतात. वर्षातून एकदा एवढ्या पहाटे उठल्याचे आपल्याला केवढे कौतुक असते! त्याच वेळी कुठल्याशा गोठ्यात एक बाई हातात कंदील किंवा मोबाईलचा दिवा घेऊन म्हशीभोवती फिरत असेल, शेणातला सोट निरखीत असेल, रात्री ऐकलेले रेकणे खरे की भास याचा विचार करीत असेल. तिला हे उद्याही करायचे आहे आणि परवाही. तिचे बोट कॅलेंडरावर बरोबर तारखेला टेकले, तर पुढच्या गणपतीला तिच्या दारी पारडी बागडेल आणि आपल्याकडे मोदकाच्या सारणात खवा पडेल.

या पाडव्याला कोल्हापूरकर म्हशीची शिंगे रंगवतील, तेव्हा त्यांनी हळदीचे एक बोट त्या बाईच्याही कपाळी लावावे. वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि सकस दुधाची जावो.